साक्षीचं कार्ड

‘मला वाटतं’ हे दोन शब्द उच्चारायला बंदी असलेल्या घरात मी सहा वर्षं भाड्यानं राहिले. घर सालवडला. खाली मालक आणि काकी, वर मी. सोलापूरकडून नोकरीसाठी आलेली, तारापूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणारी. पहिल्याच दिवशी मी काकींना विचारलं, नळाला पाणी कधी येतं? त्या म्हणाल्या, “सहाच्या सुमाराला येतं वाटतं.” आतल्या खोलीतून आवाज आला, “सहा वाजून दहा मिन्टं. वाटतं काय? रोज बघतेस ना?” काकींनी माझ्याकडं बघून एक डोळा मिचकावला. मी मनात म्हटलं, पदरी पडलं आणि पवित्र झालं.

काका मूळचे सातपाटीचे. वडील होडीवर, तिन्ही भाऊ होडीवर, आणि हे एकटेच असे की होडी खाडीतून बाहेर पडली की यांच्या पोटातलं बाहेर पडायचं. मच्छीमाराच्या घरातल्या मुलाला समुद्र लागतो म्हणजे हलवायाच्या मुलाला साखर न सोसण्यासारखं. पण काकांना त्याची लाज नव्हती. “सात येला गेलो, सात येला ओकलो. मोजून ठरलं की आपण पाण्याला लायक नाय,” असं ते अगदी निर्विकारपणे सांगायचे. मग वडलांनी त्यांना आयटीआयला घातलं आणि ते एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटवाले झाले. दाब मोजणारी, तापमान मोजणारी यंत्रं खरं सांगताहेत की नाही हे तपासायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्त झाल्यावर कारखान्यानं त्यांना सोडलं, पण त्यांनी काम सोडलं नाही.

बाजारात जाताना त्यांच्या पिशवीत अर्ध्या किलोचं एक पितळी वजन असायचं. भाजीवाल्याच्या इलेक्ट्रिक काट्यावर ते आधी आपलं वजन ठेवणार, आकडा बघणार, मग भेंडी घेणार. बोईसरच्या बाजारात त्यांना बघितलं की दोनतीन भाजीवाले काटा पुसायला घ्यायचे. एकदा मी बरोबर होते. एका म्हाताऱ्या बाईचा काटा अर्ध्या किलोला पंचवीस ग्रॅम कमी दाखवत होता, म्हणजे ती बिचारी प्रत्येक गिऱ्हाइकाला जास्त भाजी देत होती. दुसरा कुणी असता तर गुपचूप दोन किलो घेऊन गेला असता. काकांनी तिथंच बसकण मारली, काटा उलटा केला, खालचा एक स्क्रू फिरवला आणि मग तिच्याकडून नेहमीचे पाव किलो टोमॅटो घेतले. म्हातारी म्हणाली, “देव भलं करो.” काका म्हणाले, “देवाचं काय नाय त्यात. पाय वाकडा होता काट्याचा.”

मला एकदा सडकून ताप आला तेव्हा काकी पेज घेऊन वर आल्या आणि त्यांच्यामागून काका तीन थर्मामीटर घेऊन. तिन्ही एकामागून एक लावले. दोन म्हणाले एकशे दोन, तिसरा म्हणाला एकशे एक. मी तापातच चिडून विचारलं, तिसरा खोटा आहे तर फेकून का देत नाही? काका थर्मामीटर झटकत म्हणाले, “नेमका एक अंश खोटं बोलतो, बारा वर्षं झाली. खोटारडा किती खोटं बोलतो ते ठाऊक असलं की तो पण कामाचा.” मग मला गोळी देऊन, वेळ कागदावर लिहून ते खाली गेले. दर चार तासांनी वर येत होते, हे मला तो कागद नंतर बघितल्यावर कळलं.

अशा माणसाच्या अंगणात मी जुनी गाडी विकत घेऊन उभी केली. पांढरी, छोटी, आधीच्या मालकानं दोन ठिकाणी ठोकलेली. मला वाटलं, काकी औक्षण करतील, काका नारळ फोडतील. काकींनी केलं औक्षण. काका मात्र गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, “कॅमेरा बसवल्याबगर ही या गेटातून बाहेर जाणार नाय.”

“कसला कॅमेरा?”

“काचेला लावतात तो. समोरचं सगळं लिहून ठेवतो.” ते कॅमेऱ्यानं चित्र घेतलं असं कधी म्हणत नसत. कॅमेरा लिहितो, असंच म्हणायचे.

मला हवा होता मोठ्या स्क्रीनचा, फोनला जोडता येणारा, दिसायला झकास. आमच्या प्रयोगशाळेतल्या एकीकडं तसला होता. काकांनी ओळखीच्यांकडून तीन तऱ्हेचे कॅमेरे एकेका दिवसाच्या बोलीनं आणले आणि अंगणात परीक्षा मांडली. काकींना डोक्यावर रिकामी पाटी देऊन गेटाच्या डाव्या कोपऱ्यात उभं केलं, मग उजव्या, मग परत डाव्या. झकास कॅमेऱ्यात काकींची नुसती कोपरं दिसली. एका काळ्या, बुटक्या, अगदीच बेंगरूळ कॅमेऱ्यात पाटीसकट अख्ख्या काकी दिसल्या. तोच पास झाला. त्यात बॅटरी नव्हती, हेही काकांना पसंत पडलं. “उन्हात गाडी बंद करून ठेवता तुमी कंपनीत. आत भट्टी होते. बॅटरी फुगंल. याच्यात नुसता कपॅसिटर हाय, गाडी बंद झाली की शेवटचं वाक्य पुरं करण्याइतका जीव राहतो त्याच्यात. बस झालं.” मी म्हटलं, स्क्रीन फारच बारीक आहे हो. तर म्हणाले, “तुमी गाडी चालवताना स्क्रीन बघणार? तुमी रस्ता बघा.” काकी पाटी डोक्यावरून उतरवत म्हणाल्या, “लग्नात सुद्धा एवढा येळ उभी नव्हती मी.”

कॅमेरा ठरला, आता कार्ड. हे नखाएवढं कार्ड कॅमेऱ्याच्या पोटात जातं आणि सगळं त्याच्यावर लिहिलं जातं. मी स्टेशनाजवळच्या मोबाइलच्या सामानाच्या एका टपरीवरून एकशे अठ्ठावीस जीबीचं कार्ड उचलून आणलं. स्वस्त मिळालं म्हणून खूश होते. काकांनी ते आपल्या जुन्या लॅपटॉपला लावलं आणि दिवसभर काठोकाठ भरत बसले. संध्याकाळी मला हाक मारली. कार्डावर तीसच्या आसपास मावत होतं. त्यापुढं काहीही घातलं तरी कार्ड म्हणायचं, ठेवलं, ठेवलं. उघडून बघावं तर कोरं. “वर पापलेट मांडलंय, खाली नुसता बर्फ,” काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं टपरीवर. टपरीवाला सुरुवातीला चढ्या आवाजात, “अंकल, ओरिजिनल है, फुल गारंटी.” काकांनी आवाज चढवला नाही. त्याच्याच काउंटरवर लॅपटॉप उघडून त्याचीच आणखी दोन कार्डं भरायला घेतली. तिसऱ्या तासाला तो पोरगेला माणूस स्वतः मान वाकडी करून बघू लागला. त्यालाही घाऊकवाल्यानं फसवलं होतं. पुढं त्यानं काकांसाठी एक स्टूल राखून ठेवलं आणि नवीन माल आला की म्हणायचा, “अंकल, जरा देख लो ना.”

त्या नकली कार्डाच्या जागी मी फोनमध्ये घालतात तसलं चांगलं खरं कार्ड आणलं. ते मे महिन्यात मेलं. कॅमेरा चार दिवस पीं पीं करत होता आणि मी समजत होते, गाडी जुनी आहे, वाजायचंच. काकांनी कपाळाला हात लावला. “ते हाका मारत होतं तुमाला.” मग त्यांनी समजावून सांगितलं की फोटोचं कार्ड आणि हे कार्ड यांच्यात फरक असतो. फोटोच्या कार्डावर माणूस कधीतरी लिहितो. कॅमेऱ्याचं कार्ड दिवसभर लिहितं, भरलं की सगळ्यात जुनं पुसून त्याच्यावर परत लिहितं, उन्हात, धुळीत, रोज. त्याला वेगळं, टिकाऊ जातीचं कार्ड लागतं. ते त्यांनी स्वतः निवडलं, पूर्ण भरून तपासलं आणि माझ्या हातात ठेवताना म्हणाले, “हे साक्षीचं कार्ड. याच्यात गाणी नाय, फोटो नाय, काय नाय.”

पण हे नवं कार्डही चार दिवसांत तुंबलं. गंमत अशी होती की गाडीला जोराचा दणका बसला की कॅमेरा समजतो अपघात झाला, आणि तेवढा तुकडा लॉक करतो, म्हणजे तो पुसला जात नाही. आमच्या बोईसर-तारापूर रस्त्यावर दणक्यांना काय तोटा? कॅमेऱ्यानं प्रत्येक खड्डा अपघात म्हणून जपून ठेवला होता. आम्ही लॅपटॉपवर बघत होतो: खड्डा, खड्डा, गतिरोधक, खड्डा, एक म्हैस, खड्डा. मला हसू आवरेना. काका गंभीर. “तो नवीन हाय इथं. त्याला सांगाला पाहिजे की हे रोजचंच हाय.” आणि त्यांनी कॅमेऱ्याची संवेदनशीलता सगळ्यात खाली आणून ठेवली.

त्यानंतर दर शनिवारी परीक्षा. मी अर्ध्या दिवसानं घरी आले की काका माझ्या शेजारच्या सीटवर बसायचे. जुन्या लुंगीच्या फडक्यानं काच पुसायचे, कारण इथल्या खाऱ्या हवेनं काचेवर साय धरते. नाक्यापर्यंत जायचं, परत यायचं. मग कार्ड काढून लॅपटॉपला लावायचं, मधलाच कुठलातरी तुकडा उघडायचा आणि मला फर्मान, “समोरच्या रिक्षाचा नंबर वाचा.” मी वाचायचे. मग, “कोपऱ्यातली तारीख? वेळ? घड्याळाशी लावून बघा.” तारीख-वेळ चुकीची असेल तर बाकीचं चित्र कितीही स्वच्छ असो, ते त्यांच्या लेखी शून्य. मैत्रिणी सिनेमाला जायच्या आणि मी शनिवारी संध्याकाळी रिक्षांचे नंबर वाचत बसायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, काका, लाल दिवा लुकलुकतोय ना, म्हणजे चालू आहे की.

काकांनी मांडीवरचं फडकं घडी करून ठेवलं. लॅपटॉप बंद केला आणि मग ती गोष्ट सांगितली. सहा वर्षांत एकदाच.

कारखान्यात पूर्वी तापमानाची नोंद गोल कागदावर व्हायची. कागद सावकाश फिरतो, पेन त्याच्यावर रेघ काढतं. त्या पेनात शाई आहे का हे बघणं काकांचं काम. त्या दिवशी ते पहिल्या पाळीला सगळ्या यंत्रांवरून फिरले, पेन हलत होतं म्हणून पुढं गेले. दुसऱ्या पाळीला त्या भट्टीवर त्यांचा एक सोबती होता, त्यांच्याच लायनीत राहणारा. माल बिघडला. सोबती म्हणाला, मी तापमान वर जाऊ दिलं नाही. साहेब म्हणाले, कागद दाखव. कागद कोरा. पेन हललं होतं, शाई सुकलेली होती. सोबत्याला कामावरून काढलं. तो बायकामुलांना घेऊन गावी निघून गेला.

“मी सांगितलं साहेबांना, शाईची चूक माझी,” काका म्हणाले. “साहेब बोलले, शाई तुझी असंल, भट्टी तर त्याची होती. त्यानं खरंच लक्ष ठेवलं होतं का नाय, मला आजपर्यंत ठाऊक नाय. कोरा कागद कोणाच्याच बाजूनं बोलत नाय. दिवा लुकलुकतो म्हणजे पेन हलतंय. शाई हाय का ते उघडून बघाला लागतं.”

यानंतर मी शनिवारची कुरकूर बंद केली. शहाणी झाले असं मात्र नाही. भावाच्या लग्नाला गावी गेले तेव्हा फोनमध्ये जागा हवी होती, म्हणून कॅमेऱ्यातलं ते टिकाऊ कार्ड काढून फोनमध्ये घातलं आणि फोनचं जुनं कार्ड कॅमेऱ्यात. परत आल्यावर विसरले. शनिवारी काकांनी कार्ड बाहेर काढलं, चष्मा वर करून त्याचं नाव वाचलं आणि घरात निघून गेले. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काकी निरोप्या झाल्या. पाचव्या दिवशी माझ्या पायरीवर एका कागदाला फोनचं ते जुनं कार्ड चिकटपट्टीनं लावलेलं. खाली लिहिलं होतं, ‘फोटोला ठीक. साक्षीला नाही.’ मला राग आला. वधूवरांचे फोटो गेले खड्ड्यात असं पुटपुटत मी ते लॅपटॉपवर उतरवून घेतले आणि चांगलं कार्ड परत कॅमेऱ्यात घातलं.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची सुटी झाली होती, मी घरी निघाले होते. समोरून एक टँकर जवळजवळ माझ्या अंगावर येत होता, म्हणून माझे डोळे उजवीकडं. डाव्या कडेला एक रिक्षा थांबलेली. मी पुढं गेले आणि गाडीला दणका बसला. पाठोपाठ आरडाओरडा. आरशात बघितलं तर रस्त्याच्या कडेला एक मासेवाली बाई आडवी, तिची पाटी उलटी, बोंबील डांबरावर पसरलेले.

मी तिला उडवलं की तो खड्ड्याचा दणका होता, हे मला कळलं नाही. आजही नुसतं आठवून मला सांगता येणार नाही. गाडी कडेला घेतली. माणसं पळत येत होती. या गावात माझं म्हणावं असं खालच्या मजल्यावर जे दोघं होते तेच. मी काकांना फोन लावला, स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला, डोळे आरशात. त्या बोलण्यातलं मला एकच वाक्य आठवत राहिलं, “कार्ड काढा.” पुढं कित्येक वर्षं मी हा किस्सा चवीनं सांगितला आहे. बाई रस्त्यात पडलेली, लोक धावत येताहेत, आणि आमचे काका म्हणतात कार्ड काढा. ऐकणारे पोट धरून हसायचे. त्या बाईला उचलून, दोन माणसांच्या मदतीनं मागच्या सीटवर घालून मी दवाखान्यात नेलं. एवढं भान मला अशा वेळी राहिलं, याचा मला मनातून थोडा अभिमानही होता.

बाईचं मनगट मोडलं होतं, डोक्याला टाके पडले. शुद्धीवर होती, पण तिला एवढंच सांगता येत होतं की पांढरी गाडी होती. गाडी पांढरी माझीच. तासाभरात सातपाटीहून तिची माणसं आली. तिचा भाऊ माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, “माझ्या बहिणीचा हात गेला तर मासं कोण विकंल? तुमी?” त्याचं खोटं नव्हतं. आम्ही सगळे पोलीस चौकीत गेलो. गुन्हा नोंदवायला कागद पुढं ओढलेला होता. मला नोकरी दिसत होती, गावाकडचे वडील दिसत होते. पण सगळ्यात जास्त ते मोडलेलं मनगट दिसत होतं, आणि ते मी मोडलं का, हेच मला माहीत नव्हतं.

काका आले ते काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप घेऊन. बाईच्या भावानं त्यांना ओळखलं. त्यांच्याच आळीतला तो.

“काका, तुमी आमच्याकडून ना?”

“मी कार्डाकडून,” काका म्हणाले.

दवाखान्याच्या दारात मी कॅमेऱ्यातून काढून घेतलेलं कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मला बाजूला घेतलं. “तुमी धडकलात?”

“मला वाटतं...”

“वाटतं नको.”

“माहीत नाही काका.”

“बरं. हे आता उघडीन ते सगळ्यांसमोर. आधी आपण दोघांनीच बघाचं न् मग ठरवाचं, हे माझ्याकडून होणार नाय. तुमची चूक निघाली तर निघाली. उघडू?”

मी हो म्हटलं. धैर्य वगैरे काही नव्हतं. मलाच कळून घ्यायचं होतं.

हवालदारांच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. तारीख-वेळ आधी भिंतीवरच्या घड्याळाशी लावून बघितली, हे सांगायला नकोच. मग तो तुकडा. समोर टँकर. डाव्या कोपऱ्यात रिक्षा, तिच्यापुढं पाटी घेऊन चालणारी बाई, अख्खी दिसत होती. तेवढ्यात माझ्या डाव्या बाजूनं, गाडी आणि रिक्षा यांच्या फटीतून एक मोटरसायकल घुसली. तिचं हँडल पाटीला लागलं, बाई फिरून पडली, मोटरसायकल पुढं पळाली. त्यानंतर चित्र हललं. तो दणका. खड्डा समोर स्पष्ट दिसत होता. हवालदार म्हणाले, “परत लावा.” तीन वेळा लावलं. तिसऱ्या वेळी त्यांनी मोटरसायकलचा नंबर लिहून घेतला. बाईचा भाऊ बाकावर बसला आणि दोन्ही हातांनी चेहरा पुसत राहिला. मी रडले. काकांनी तेवढ्या एका तुकड्याची प्रत हवालदारांना करून दिली आणि लॅपटॉप मिटला. “बघाचं ते बघून झालं,” म्हणाले. कार्ड त्यांनी एका डबीत घालून, वर तारखेची चिठ्ठी लावून आपल्या कपाटात ठेवलं.

मोटरसायकलवाला सापडला. बाईचा हात बरा झाला. पुढं दर मोसमात ती सालवडला आली की पायरीवर माझ्यासाठी सुके बोंबील ठेवून जायची. मी आधी वासानं नाक मुरडणारी, आता काकींच्या हाताची बोंबलाची चटणी गावी नेते आणि आईच्या शिव्या खाते.

दोन वर्षांपूर्वी काकांनी सालवडचं घर विकलं आणि दोघं सातपाटीला भावांच्या शेजारी राहायला गेले. निघताना त्यांनी ती डबी माझ्या हातात दिली. “तुमची वस्तू,” एवढंच म्हणाले. मी ती तशीच ठेवून दिली. गेल्या महिन्यात मी ती जुनी गाडी विकली आणि का कोण जाणे, डबी उघडून कार्ड लॅपटॉपला लावलं. पडण्याचा तुकडा परत बघितला. तो संपला. मग त्याच्या पुढचा तुकडा, जो आम्ही कधी लावलाच नव्हता, तो आपोआप सुरू झाला.

चित्रात नुसता रस्ता आणि धावत येणारी माणसं. पण आत आवाज होता. माझा आणि फोनवरचा काकांचा.

मी म्हणत होते, “काका, बाई पडलीय. लोक येताहेत. मी जाऊ का इथून? कुणी बघितलं नाही, मी निघून जाऊ का?”

मी हे म्हणाले होते. मला यातलं एक अक्षर आठवत नव्हतं.

आणि काका, जे मला सहा वर्षं मॅडम आणि तुमी म्हणत आले, ते म्हणत होते, “बाय, घाबरू नको. गाडी पुढं काढू नको. खाली उतर. ती श्वास घेतेय का बघ.”

“कार्ड काढू का काका? पुसलं गेलं तर?”

“पुसू दे कार्ड. मरू दे ते. आधी तिला उचल, दोन मानसं हाताशी घे, मागं निजव, दवाखान्यात ने. मी येतो. माझी बाय ना तू? उतर.” मग दार उघडल्याचा आवाज, आणि अगदी शेवटी, लांबून, “तिला पोचवल्यावर कार्ड काढा.”

मी तो तुकडा पहिल्यापासून परत लावला. माझा अभिमान तर गेलाच. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की काका ते सगळं जाणून होते. कॅमेऱ्यात आवाजही लिहिला जातो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यांनी नेमक्या जागी लॅपटॉप मिटला होता. त्यानंतर इतकी वर्षं मी त्यांच्याच देखत ‘कार्ड काढा’चा किस्सा रंगवून सांगत होते, आणि ते सगळ्यांबरोबर स्वतःवर हसत होते. माझ्या आयुष्यात माझी एवढी अब्रू कुणी राखली नाही. त्या दिवशी मी निघून गेले असते तर आज कोण झाले असते, याचा विचार करायची मला भीती वाटते.

परवाच्या रविवारी मी सातपाटीला गेले. अंगणात बोंबील वाळत होते, काका खुर्चीवर बसून कुणाच्यातरी काट्याचा पाय सरळ करत होते. काकी आत चहा टाकायला गेल्या. मी म्हटलं, काका, एक ऐकवायचं आहे. फोनवर उतरवून आणलेला तो तुकडा लावला. त्यांनी काटा खाली ठेवला आणि मान तिरकी करून पूर्ण ऐकला.

“मी असं नाय बोललो,” ते म्हणाले. “मी कार्ड काढा म्हटलेलं.”

“ते शेवटी म्हणालात. आधी हे म्हणालात.”

“तारीख बघा.”

मी फोन त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा वर केला, कोपऱ्यातली तारीख वाचली, वेळ वाचली.

“बरोबर हाय,” ते म्हणाले. “मग बोललो असंन.”

मला आता थांबवेना. मी म्हटलं, “आणि मी काय विचारलं, ते ऐकलंत ना काका? तुम्ही तेव्हाही ऐकलं होतंत.”

आवाज अगदी स्वच्छ होता. आत चुलीपाशी काकींनाही ऐकू गेला असेल, कारण आतली भांडी थांबली होती. काकांनी काटा परत मांडीवर घेतला, उलटा केला, स्क्रू शोधला.

“तिथं आवाज फुटलाय,” ते म्हणाले. “काय ऐकू येत नाय.” आणि स्क्रू फिरवत, माझ्याकडं न बघता म्हणाले, “मला वाटतं.”